पाच नद्या आणि सहा भाषा : तंजावरच्या मराठ्यांची पोरं कुठल्या शाळेत गेली?



मागच्या भागात आपण व्यंकोजीराजांनी तंजावर कसं घेतलं ते पाहिलं. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी फोन करून एकच प्रश्न विचारला. लढाई झाली, राज्य मिळालं, हे सगळं ठीक. पण महाराष्ट्रातून हजारेक किलोमीटर दक्षिणेला गेलेल्या त्या माणसांच्या पोराबाळांचं पुढे काय झालं? ती कुठल्या शाळेत गेली, कुठल्या भाषेत शिकली? फौजी माणसाला हा प्रश्न लगेच कळतो. बदलीचा हुकूम हातात पडला की घरात पहिला विषय निघतो तो शाळेचा. बायको सामानाचं विचारत नाही, "तिथे शाळा कुठली?" असं विचारते.

माझी थोडी ओळख देतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. पलटण मात्र मिळाली मद्रास रेजिमेंटची. आमचे जवान तमिळ, मल्याळी, तेलुगू, कन्नड. सगळ्यांना मिळून 'तंबी' म्हणायचं, म्हणजे धाकटा भाऊ. अधिकाऱ्याने जवानांची भाषा शिकायची, ही तिथली जुनी शिस्त आहे. त्यामुळे मला तमिळ येतं, साताऱ्याच्या हेलात येतं, पण येतं. निवृत्तीनंतर वर्षातले चार-पाच महिने मी तिरुवैयारूला राहतो. तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठावर. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी. आपल्या जुन्या कागदांत याच गावाला पंचनद म्हटलेलं सापडतं.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. जमीन तमिळ. सोळाव्या शतकापासून १६७३ पर्यंत राज्य नायकांचं, आणि त्यांची दरबारी भाषा तेलुगू. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे आले, म्हणजे वर मराठी बसली. देवळांत आणि पाठशाळांत संस्कृत आधीपासून होतंच. सुलतानांशी, नबाबाशी पत्रव्यवहार फारसीत. समुद्रकिनाऱ्यावर तरंगमबाडीला १६२० पासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांचं ठाणं, तिथे पुढे जर्मन पाद्री आले. आणि शेवटी इंग्रज. म्हणजे एका जिल्ह्याएवढ्या मुलखात सहा-सात भाषा. 'बाहेरून माणसं येऊ लागली, शाळांनी काय करायचं?' असा प्रश्न आज युरोपात विचारतात, मुंबईत विचारतात, तिरुप्पूरला विचारतात. कावेरीच्या खोऱ्यात तो तीनशे वर्षांपूर्वी विचारून झाला होता. फरक एकच. इथे बाहेरून आलेला माणूस मजूर म्हणून आला नव्हता, राजा म्हणून आला होता. आणि बाहेरून आलेल्याच्या हाती सत्ता असेल तर तो शाळेचं काय करतो, हे पाहण्यासारखं आहे.

सोपा मार्ग होता. मराठी लादायची. पण तंजावरच्या भोसल्यांनी ते केलं नाही. हे मी अभिमानापोटी म्हणत नाही, त्याला कारणही व्यवहाराचं होतं. मूठभर माणसं होती. धान पिकवणारा तमिळ, विद्वान तेलुगू आणि संस्कृतवाले, हिशेब यांच्याचकडून करून घ्यायचा. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ ते १७१२, यांच्या दरबारात मराठी, तेलुगू, संस्कृत, तमिळ सगळ्यांत नाटकं लिहिली गेली. १६९३ साली त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस पंडितांना दान दिलं. सत्ता मराठी, पण आश्रय सर्वांना, ही रीत तेव्हापासून पडली. सांबाराच्या जन्माची गोष्टही याच शहाजीराजांच्या नावावर सांगतात. ती मी आज सांगणार नाही, तिला कागदाचा पुरावा नाही.

सामान्य पोरांची शाळा म्हणजे तेव्हा ओसरीवरची शाळा. तमिळमध्ये ओट्याला 'तिन्नै' म्हणतात, म्हणून 'तिन्नै पळ्ळिक्कूडम'. वाळूत बोटाने अक्षर गिरवायचं, मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचं. मद्रासला एग्मोरमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. बाप गोरा शिपाई, आई हिंदुस्थानी, अशी ती मुलं. तिथला अधीक्षक अँड्र्यू बेल याने ही वाळूची आणि पोरांनी पोरांना शिकवायची पद्धत उचलली, १७९७ साली इंग्लंडात तिच्यावर पुस्तक छापलं, आणि ती जगभर 'मद्रास पद्धत' म्हणून गेली. मला गंमत वाटते ती याची की, दोन समाजांच्या मधे अडकलेल्या, कुणालाच नको असलेल्या पोरांच्या शाळेत ही पद्धत इंग्रजांच्या नजरेत भरली. तिथे शिक्षक कमी, पगार त्याहून कमी. गरज होती म्हणून उपाय सापडला.

पुढे १८२२ नंतर थॉमस मन्रोने मद्रास इलाख्यातल्या शाळांची मोजणी करवली. एकट्या तंजावर जिल्ह्यात जवळजवळ नऊशे शाळा निघाल्या, आणि उच्च विद्येच्या पाठशाळा १०९. ओसरीवरच्या शाळांत ब्राह्मणेतर मुलं ब्राह्मण मुलांपेक्षा पुष्कळ जास्त होती. पाठशाळांत मात्र फक्त ब्राह्मण. हा फरक लक्षात ठेवा, तिरुवैयारूला पुन्हा तो भेटणार आहे.

आता येतो मुख्य माणूस, दुसरे सरफोजीराजे. जन्म १७७७. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि मरताना त्यांची काळजी सोपवली ती ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याकडे. हा माणूस १७५० साली हिंदुस्थानात आला तो परत गेलाच नाही. तमिळ शिकला, फारसी शिकला, राजाशी बोलता यावं म्हणून मराठी शिकला. १७८०-९० च्या दरम्यान त्याने आणि तंजावरचा रेसिडेंट जॉन सलिव्हन याने मिळून तंजावर, रामनाथपूर, शिवगंगा इथे इंग्रजी शाळा काढल्या. कंपनीच्या संचालकांनी १७८७ मध्ये त्यांना दरसाल अडीचशे पॅगोडांची मदत मंजूर केली. त्यात मुलं कोण? बहुतेक ब्राह्मण आणि वरच्या जातींतली, आणि त्यात आपले मराठी देशस्थ. पाद्र्याच्या शाळेत ब्राह्मणाने पोर घालायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ते जमलं, कारण पोरांना फसवून धर्मात ओढायचं नाही, अशी शाळेची भूमिका होती. आईबापांना इंग्रजी हवी होती, कारण इंग्रजीत नोकरी होती. श्वार्ट्झला पोरं हवी होती. दोघांनी एकमेकांकडे पुरतं ओळखून पाहिलं आणि सौदा केला.

सरफोजींना चुलत्याने, अमरसिंगांनी, कोंडून ठेवलं होतं. शिक्षणाची हेळसांड झाली म्हणून श्वार्ट्झने ओरड केली आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवलं. १७९८ साली सरफोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, मुलूख कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरला तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि छत्रं.

छत्र म्हणजे आपली धर्मशाळा, पण मोठी. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांनी ठिकठिकाणी छत्रं बांधली होती. १८०१ च्या जानेवारीत सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिलं. मुद्दा असा की, कंपनीने काय वाटेल ते घ्यावं, पण छत्रांच्या जमिनींना हात लावू नये. त्यात छत्रांत काय चालतं याचं वर्णन आहे : ब्राह्मणापासून सगळ्यात खालच्या मानलेल्या जातीपर्यंत प्रत्येक वाटसरूला अन्न, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची सोय; आणि वाटेत आईबाप वारलेल्या परक्या पोरांना शिक्षकाच्या हवाली करून त्यांचं खाणंपिणं आणि शिकणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. वाटेवरची अनाथ, परमुलखातली पोरं. त्यांची भाषा कुठली असेल कुणास ठाऊक. तरी त्यांची शाळेत नोंद.

१८०२ मध्ये सरफोजींनी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने ओरत्तनाडूला छत्र बांधलं, मुक्तांबाळ छत्र. तिथल्या शाळेत तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी शिकवत. राजवाड्याच्या आश्रयाने चाललेल्या या नव्या धर्तीच्या शिक्षणाला त्यांनी नाव दिलं 'नवविद्या'. १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, 'बालबोध मुक्तावळी'. लक्षात घ्या, पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव होता आणि मराठी पोरांसाठी छापलेलं पुस्तक निघत होतं तंजावरला. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

त्याहून मला आवडतो तो 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरव जातीची भविष्य सांगणारी भटकी बाई येते, डोंगरदऱ्यांची वर्णनं करते. सरफोजींनी ते मराठीत रचलं, आणि त्या बाईच्या तोंडी घातला जगाचा भूगोल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती, खंडं, देश, सगळं. सोंग तमिळ, बोली मराठी, विद्या युरोपातली. भूगोलाचा असा तास मला मिळाला असता तर मॅप रीडिंगमध्ये मी जास्त मार्क घेतले असते.

पण भाबडेपणा नको. छत्रात अन्न सगळ्यांना होतं, म्हणून पंगत एक होती असं नाही. वेद शिकवायचे ते ब्राह्मणालाच. आणि हे सारं राजाच्या मर्जीवर उभं होतं, कायद्यावर नाही.

याच काळात तिरुवैयारूत एक वेगळी शाळा भरत होती, राजाच्या पैशाशिवाय. त्यागराज, १७६७ ते १८४७. घरी तेलुगू, गाव तमिळ, राजा मराठी. त्यांच्या घरी शिष्य राहायचे, वार लावून जेवायचे, गाणं शिकायचे. त्यातले एक प्रमुख शिष्य वालाजापेट वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्री समाजातले. म्हणजे पिढ्यांपूर्वी गुजरातेकडून विणकरीसाठी उतरलेल्यांचे वंशज. दुसरे कितीतरी तमिळ. सगळे तेलुगू कृती शिकले, आणि आज त्या कृती आपल्यापर्यंत आल्या त्या या तेलुगू घरच्या नसलेल्या शिष्यांच्या वह्यांतून आणि गळ्यांतून.

१८३२ मध्ये सरफोजी गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ साली औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी संपवली. इथून गोष्ट उलटी होते. काल राज्यकर्ता असलेला समाज आज परक्या मुलखातला छोटासा अल्पसंख्य समाज झाला. शेतीवाडी थोडी, जातभाई थोडे. हाताशी काय होतं? शाळा. मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी, एवढ्या भाषा एका डोक्यात असलेली माणसं मद्रास इलाख्याच्या महसूल कचेऱ्यांना आणि संस्थानांना हवीच होती. तंजावरचे सुब्बराव त्रावणकोरला गेले, स्वाती तिरुनाळ या राजपुत्राचे शिक्षक झाले, पुढे १८३० मध्ये दिवाण. लोक त्यांना 'इंग्लिश सुब्बराव' म्हणत. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि मग १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेल्या बारा वर्षांच्या गोपाळला, म्हणजे सयाजीरावांना, राज्यकारभाराचे धडे देणाऱ्यांत हेच माधवराव होते. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. स्थलांतरितांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतला माणूस मूळ भाषेच्या दरबारात शिक्षक म्हणून परत आला, असं हे वळण आहे.

मागे राहिलेल्यांचं काय? आणि छत्रांचं? ती गेली जिल्हा बोर्डाकडे. तिरुवैयारूला छत्रांच्या उत्पन्नावर १८८१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे कॉलेज झालं. कावेरीच्या काठावर ती वास्तू आजही आहे. शिकायचं फक्त संस्कृत, आणि राहण्याजेवण्याची सोय ब्राह्मण विद्यार्थ्यांना. १९२० नंतरच्या दशकात ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. जस्टिस पक्षाचे, धर्माने रोमन कॅथलिक. तमिळ मंडळींनी त्यांच्यासमोर सरळ प्रश्न ठेवला : राजाने दान विद्येसाठी दिलं की एका भाषेसाठी? पन्नीरसेल्वम यांनी कॉलेजात तमिळ आणलं, वसतिगृहं ब्राह्मणेतरांना उघडली, आणि संस्कृत कॉलेजाचं नाव झालं 'अरसर कल्लूरी', राजांचं कॉलेज. संस्कृत बंद केलं नाही, शेजारी तमिळ बसवलं. पुढे १९४० मध्ये लंडनला जाताना ओमानच्या आखातावर त्यांचं विमान नाहीसं झालं. कोट्यवधी तमिळांच्या मुलखात तमिळला कॉलेजात शिरायला मराठी राजाच्या दानाचा आधार घ्यावा लागला, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थोडं हसू आलं. सांगणारे तमिळ गृहस्थ मात्र हसत नव्हते. त्यांच्या आजोबांना त्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती.

मराठीचं मात्र असं कुणी केलं नाही. तंजावरात ती राजवाड्याची आणि कागदपत्रांची भाषा होती. राजा गेल्यावर तिचा वर्ग कुणी भरवायचा? पोरं तमिळ आणि इंग्रजी शाळांत गेली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत १९५६ मध्ये ३५०-अ कलम आलं, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्याने करावी. पण त्यासाठी वर्ग भरेल एवढी मुलं एका ठिकाणी लागतात. चार रस्त्यांवर विखुरलेल्या समाजाला कलमाचा फायदा मिळत नाही. तमिळनाडूने १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी ही दोनच भाषांची पद्धत धरली, आणि २००६ च्या कायद्याने दहावीपर्यंत टप्प्याटप्प्याने तमिळ सक्तीचं केलं.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. तमिळ लोक तंजावरच्या मराठी ब्राह्मणांना 'रायर' म्हणतात, मीही त्यांना रायरसार म्हणतो, ते मला कर्नलसार म्हणतात. घरी मराठी बोलतात. ती मराठी ऐकताना मला बखर ऐकल्यासारखं वाटतं, मधेच तमिळ क्रियापद येऊन आदळतं. वाण्याची यादीही मराठीत लिहितात, पण तमिळ लिपीत. एकदा मी त्यांना घेऊन तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात गेलो. तिथे भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, देवनागरी अक्षरांतला, भिंतभर. रायरसार त्या भिंतीसमोरून लहानपणापासून जात आले आहेत. त्यांना अक्षर लागत नाही. मी मोठ्याने वाचत गेलो, अडखळत. आणि जिथे मला शब्दाचा अर्थ लागेना तिथे ते म्हणाले, "हे आमची आजी म्हणायची," आणि अर्थ सांगितला. मला वाचता येत होतं, त्यांना समजत होतं. दोघं मिळून एक साक्षर माणूस झालो. अर्ध्या तासाने उन्हाने फरशी तापली आणि आम्ही निघालो.

सरस्वती महाल ग्रंथालयात आणि आसपास तंजावर दरबाराचे मोडी कागद ढीगभर आहेत. ते वाचून, तमिळमध्ये भाषांतर करून तीन खंडांत छापले ते तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. म्हणजे मराठ्यांचा दफ्तरखाना तमिळ माणूस मोडी शिकून वाचतो, आणि मराठी रायरसार वाचू शकत नाहीत. यात तमिळांचा दोष मला दिसत नाही. उलट, त्यांनी शिकून घेतलं.

माझी मुलगी पाच केंद्रीय विद्यालयांत शिकली. ही शाळा मुळात बदलीवाल्यांसाठीच निघाली. १९६३ मध्ये पलटणींच्या वीस शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. जम्मूहून जबलपूरला गेलात तरी धडा तोच, पान तेच. फौजी कुटुंबाला याहून मोठी सोय नाही. पण त्या शाळेला गाव नसतं. वेलिंग्टनला नीलगिरीत तीन वर्षं राहून मुलीला तमिळ आलं ते शाळेत नाही, आमच्या सहायकाच्या बायकोशी खेळताना. दुसऱ्या टोकाला मुंबई महापालिका बघा. आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात तमिळही आहे. धारावीतल्या पोराला मराठी मुलखात तमिळमधून पहिली शिकता येते. तंजावरच्या मराठी पोराला ते उलट बाजूने मिळालं नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रानेही सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. राज्याची भाषा राज्यातल्या प्रत्येक पोराला आलीच पाहिजे, या मताचा मी आहे, दोन्हीकडे. पण घरची लिपी वाचायला आठवड्यातून दोन तास देणं शाळेला जड नसतं. सरफोजींच्या शाळेला सहा भाषा जड गेल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे मुलूखही उरला नव्हता.

अलीकडे कावेरी खोऱ्यात भाताची लावणी करायला बंगाल-बिहारची माणसं येतात. मागल्या वर्षी तिरुवैयारूजवळच्या एका सरकारी शाळेत झेंडावंदनाला मला बोलावलं होतं. तिसरीच्या वर्गात दोन मुलं हिंदी बोलणारी होती, बाप वीटभट्टीवर. बाईंनी फळ्यावर तमिळ 'अ' काढला होता आणि शेजारी, स्वतःच शिकून, थोडा वाकडा देवनागरी 'अ'. मी विचारलं, हे वरून सांगितलंय का? त्या म्हणाल्या, "नाही सार, त्याशिवाय तो बघतच नव्हता फळ्याकडे." मग त्यांनी मला त्या 'अ'ची गाठ नीट काढून दाखवायला सांगितली. मी काढली. पोराने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या 'अ'कडे, आणि पाटीवर बाईंचाच वाकडा 'अ' गिरवला.

पुढच्या भागात मोडी लिपी तंजावरला कशी बदलली, तिथल्या कारकुनांनी तमिळ हिशेब तिच्यात कसे बसवले, ते काही कागद समोर ठेवून पाहू.